गंजलेल्या चासीचा पंचनामा

कोकणात व्याह्यांचे भांडण प्रायः मानपानावरून, क्वचित हापूसच्या कलमांच्या हद्दीवरून, आणि अगदीच विषय संपले म्हणजे आमटीतल्या मिठावरून होते. परंतु एका जुन्या जीपगाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून दोन वयोवृद्ध, सुविद्य आणि एरवी परस्परांचा शब्द खाली पडू न देणारे व्याही सलग तीन दुपारी वाद घालीत बसल्याचे दृश्य मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि तो योग मला आला तो निव्वळ शेजारधर्मामुळे, म्हणजे सांगाड्याखाली वाकून विजेरी धरावयास कोणीतरी तिसरा माणूस हवा होता म्हणून.

स्थळ हर्णैच्या समुद्रापासून कोस-दीड कोसावरच्या एका वाडीतले खळे. घरधनी विश्वनाथराव हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे जोडकामाचे, म्हणजे सगळे जग ज्याला वेल्डिंग म्हणते त्या विद्येचे, शिल्पनिदेशक होते. त्यांचे व्याही आबासाहेब वाईकडचे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आणि जी गोष्ट कागदावर रुजू झाली नाही ती, मग तो पाऊस का असेना, झालीच असे निश्चयाने म्हणता येत नाही, अशा मताचे. विश्वनाथरावांनी फार पूर्वी एका सरकारी खात्याच्या लिलावात उंच बॉनेटची एक महिंद्र जीप घेतली होती. आंब्याच्या पेट्या, चिरे, शेणखत, वऱ्हाड आणि एका अपरात्री अडलेली बाळंतीण असे सर्व काही वाहून झाल्यावर ती अकरा पावसाळे माडाखाली उभी राहिली, आणि आता मुलाने नोकरी सोडून बाग पाहण्यासाठी सहकुटुंब गावी यावयाचे ठरवल्यामुळे तिचे दिवस पालटण्याची चिन्हे दिसू लागली. बॉडी उतरवून आंब्याच्या सावलीत ठेवली होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सल पडवीत गोणपाटाखाली पडले होते. आणि खळ्याच्या मध्यभागी, सागाच्या चार ओंडक्यांवर, दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या एवढाच तो सांगाडा, ज्याला गॅरेजात चासी म्हणतात, आडव्या टाकलेल्या शिडीसारखा उघडा पडला होता.

आबासाहेब आले होते ते वास्तविक नातीला भेटावयास. पण दारातच त्यांची छत्री थबकली.

आबासाहेब : व्याहीबुवा, आपल्या दारात हे प्रेत किती दिवस ठेवणार? त्याची वासलात लावण्यास भंगारवाला आपण होऊन येतो, आणि वर चार पैसेही देतो.

विश्वनाथराव : प्रेत म्हणावयाचे तर डॉक्टरचा दाखला हवा, आणि दाखल्यावाचून आपण आयुष्यात कोणास मेलेला मानल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आबासाहेबांनी उत्तरादाखल छत्रीचे टोक मागच्या आडपट्टीवर टेकवून हलकेच ढकलले. पुरणपोळीचा पापुद्रा सुटावा तसा तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा सुटून खाली पडला, आणि त्याखाली दुसरा दिसला, त्याखाली तिसरा.

आबासाहेब : हा घ्या दाखला.

विश्वनाथराव : हा दाखला अपुरा आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा अडवतो, म्हणून सुतभर धातू गेला की बोटभर जाडीची खपली दिसते, आणि बघणाऱ्यास वाटते की सर्वस्व गेले. बाजारातून मडके आणताना आपण त्याच्या रंगाकडे पाहत नाही, बोटाने वाजवून पाहतो. त्याच न्यायाने हा हातोडा घ्या आणि पुढून मागपर्यंत एकेक वीत वाजवीत चला.

मी विजेरी धरली, आणि अव्वल कारकुनांनी, आधी धोतराचा सोगा खोचून, हातोडा घेतला. पुढचे तीन-चार हात लोखंड देवळातल्या घंटेइतके नव्हे, पण परातीइतके खणखणीत वाजले. मधल्या आडपट्टीपाशी आवाज किंचित मंदावला. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, टांगणीजवळ, जिथे तुळईला आतून दुसरा पत्रा रिव्हेटांनी जोडून तिला दुहेरी केले आहे, तिथे मात्र बद्द आवाज आला, आणि हातोड्याचा गोल माथा आत रुतून खळगा पडला.

आबासाहेब : पाहा! आणि गंमत अशी की वरून हीच जागा सर्वांत धडधाकट दिसत होती.

विश्वनाथराव : गंमत नव्हे, तोच गंजाचा स्वभाव आहे. उघड्यावरचे लोखंड भिजते आणि वाळते. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी वाळतच नाही. त्यात समुद्रावरच्या वाऱ्याने आणलेले मीठ असते, ते हवेतली ओल ओढून घेते. आणि फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर, पण आत त्याचा तुटवडा, या एका विषमतेमुळे एकाच पत्र्याच्या दोन भागांत विजेच्या घटासारखा व्यवहार सुरू होतो, ज्यात आतला, प्राणवायूला मुकलेला भाग झिजून जातो. जिथे कारखान्याने मजबुतीसाठी पत्रा दुहेरी केला, नेमके तिथेच लोखंड आधी खचते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडणाऱ्या या मुलखात आणखी काय व्हावे? आपल्या वाईकडे ही गाडी असती तर अजून धावत असती.

आबासाहेब : म्हणजे मुलखाने जिला खाल्ली तिला आपण त्याच मुलखात पुन्हा उभी करणार. हा पुरुषार्थ म्हणावा की हट्ट?

विश्वनाथराव : आपण ज्या चिऱ्यावर बसला आहात तो काय आहे? जांभा. काळ्या कातळावर लाखो वर्षे पाऊस कोसळला, त्यातले विरघळण्याजोगे सारे वाहून गेले, आणि उरले ते मुख्यतः लोखंडाचे व अ‍ॅल्युमिनियमचे गंज. बुकानन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला, आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले. आमची घरे, विहिरी, गडगे, देवळांचे चौथरे सगळे गंजाचेच आहेत, आणि शतकानुशतके उभे आहेत. तेव्हा गंजाचे भय कोकण्यास घालू नका.

हा युक्तिवाद ऐकावयास फारच गोड असला तरी तो वकिली थाटाचा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण जांभा दाब सोसतो, ताण नव्हे, आणि जीपच्या तुळईस दोन्ही सोसावे लागतात. आबासाहेबांस हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसास युक्तिवादातला पोकळ चिरा बरोबर ओळखू येतो.

आबासाहेब : चिऱ्यावर बसून कोणी खिंड उतरत नाही, विश्वनाथराव.

दुसऱ्या दुपारी वादाचा ओघ इतिहासाकडे वळला, आणि याला कारण मीच झालो. एवढी माया एखाद्या लोखंडी शिडीवर का, असे मी भाबडेपणाने विचारले, तेव्हा विश्वनाथरावांचा स्वर वर्गात शिरल्यासारखा झाला. १९४० साली अमेरिकन सैन्याने चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी मागितली. पेनसिल्व्हानियातील बटलर गावच्या बँटम या छोट्या कारखान्याने त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला. पण पुरवठ्याचे मोठे काम मिळाले ते टोलेडोच्या विलीज कंपनीस आणि फोर्डला, ज्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले तिचे ८० इंचांचे अंतर या खळ्यातल्या सांगाड्यातही जसेच्या तसे उतरले होते. मुंबईत तिची जुळणी सुरू करणारी कंपनी १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावाने निघाली; फाळणीनंतर त्यांतले गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली दरवाजावरच्या पाटीवर दुसऱ्यांदा महिंद्र हेच नाव चढले.

विश्वनाथराव : पाटीत फेरफार झाला, चासी तीच राहिली.

आबासाहेब : साल चांगले काढलेत. त्याच १९४८ साली काश्मीरच्या आघाडीसाठी लंडनच्या आपल्या उच्चायुक्तांच्या कचेरीमार्फत जीपगाड्या मागवल्या होत्या. नव्या नव्हेत; जुन्या, डागडुजी करून रंग दिलेल्या. त्या आल्या तेव्हा चालवण्याजोग्या नाहीत असा बोभाटा झाला, संसदेत वर्षानुवर्षे त्यावर धुरळा उडाला, आणि त्या उच्चायुक्तांच्या, कृष्ण मेनन यांच्या, नावाला ते प्रकरण जे चिकटले ते चिकटलेच. आमच्या कचेरीतले जुने लोक ती गोष्ट तोंडपाठ सांगत. त्यातला माझ्यापुरता मथितार्थ एवढाच, की डागडुजी केलेल्या जीपच्या रंगावर विश्वास ठेवून सही करू नये.

खरे सांगावयाचे तर या ठिकाणी आबासाहेबांनी बाजी मारली. विश्वनाथराव काही काळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे म्हटले ते प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य करूनच म्हटले.

विश्वनाथराव : रंगावर विश्वास ठेवू नका हे तर मी तीस वर्षे पोरांच्या कानीकपाळी ओरडलो. गाड्या विकणारे काय करतात? गंजाच्या भोकात चिंधी नाहीतर जाळी कोंबतात, वर लांबी भरतात, पॉलिश कागद मारतात, आणि त्यावर काळा जाड रबरी लेप देतात. त्या लेपाला एक बारीक तडा गेला की आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, आणि झाकलेले लोखंड उघड्यापेक्षा लवकर कुजते. म्हणून तर मी ही गाडी कोणाकडे टाकली नाही. ती घरी उघडली, म्हणून आज आपण छत्रीने टोचून तिची परीक्षा घेऊ शकलात. बाहेरून चकचकीत होऊन आली असती तर आपणच तिला हळदकुंकू वाहिले असते.

आबासाहेब : बरे, घरी उघडली. पण आता पुढे काय? नातीचे बारसे झाले त्या वर्षी आपण या सांगाड्याला काहीतरी काळे फासत होता. ते जळके तेल होते ना?

विश्वनाथराव : जळके तेल आमचे वडीलही फासत, आणि त्याचा गुण नाही असे नाही, पण ते पावसाने धुपते आणि विहिरीच्या वाटेस लागते. आपण पाहिलेत तो हिरड्याचा काढा होता.

हा शब्द कानी पडताच आबासाहेबांचा चेहरा बदलला, कारण हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई हा त्यांच्या बालपणीचा विषय होता. शाईत जे घडते तेच येथे, हे विश्वनाथरावांनी समजावले. हिरड्यातले तुरट द्रव्य लोखंडाच्या गंजाशी संयोग पावून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे असे दुसरे द्रव्य बनवते, आणि बाजारात गंज-परिवर्तक म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांपैकी काहींत हेच तुरट आम्ल आणि काहींत फॉस्फरिक आम्ल असते. मात्र सुट्या खपल्या तारेच्या ब्रशाने काढल्यावाचून वर काहीही ओतले तरी ते खपल्यांचेच कल्याण करते, लोखंडाचे नव्हे. लहान तुकड्यांसाठी त्यांनी न्हाणीघरामागे प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी केले होते. चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडली की रात्रभरात गंज सैल पडतो आणि मूळ धातूस धक्का लागत नाही. त्या पिंपातून हायड्रोजन निघतो, तेव्हा ते उघड्यावरच ठेवावे आणि जवळ बिडी ओढू नये. धन बाजूस स्टेनलेस स्टील कदापि लावू नये, नाहीतर पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. आणि पाट्यांसारखे कडक पोलाद त्यात बुडवू नये, कारण हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होते. (हे सारे सांगताना त्यांचा उत्साह असा होता की आत चहा थंड होत असल्याचे सूनबाईंनी दोनदा येऊन सांगितले.) वाळूच्या फवाऱ्याने काम झटपट होईल, असे मी सुचवले, त्यावर, साध्या वाळूच्या धुळीने फुफ्फुसे दगड होतात आणि दोन दिवस वाचवून श्वास गमावण्याचा व्यवहार आपल्याला परवडणार नाही, एवढे बोलून त्यांनी माझी सूचना निकालात काढली.

आबासाहेब : समजा गंज गेला. पण मागची ती जागा हातोड्याने खचली, तिथे लोखंडच नाही. मग नवी चासी का घेत नाही? किंवा आख्खी जस्तात बुडवून आणा. कल्हई केलेले पातेले जसे.

विश्वनाथराव : कल्हईचा दाखला आपणच दिलात, आणि कल्हई दरवर्षी करावी लागते हे आपल्या गृहिणींस विचारा. जस्ताच्या कढईत साडेचारशे अंश उष्णता असते. तीत बंद पेटीसारखी तुळई बुडवावयाची तर आधी तिला ठिकठिकाणी भोके पाडावी लागतात, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होतो. आणि जुन्या, फटीफटींत गंज असलेल्या सांगाड्यातून आम्ल पुरते धुऊन निघत नाही, ते पुढे आतून आपले काम करीत राहते. नव्या लोखंडास ती विद्या उत्तम. आता नव्या चासीविषयी म्हणाल, तर त्याचे उत्तर मजपेक्षा आपण अधिक जाणता. पुढे या.

त्यांनी पुढच्या भागावरचा एक हातभर पट्टा मऊ पितळी ब्रशाने हलके घासून ठेवला होता. तेथे विजेरी तिरपी धरताच लोखंडात ठोकलेले आकडे एकामागून एक सावलीत उभे राहिले. आबासाहेबांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली, कागद त्या जागी दाबून पेन्सिल आडवी फिरवली, आणि आरटीओत पासिंगच्या वेळी घेतात तसा क्रमांकाचा छाप उठवून नोंदणीच्या पुस्तकाशी अंकाअंकाने ताडून पाहिला. एवढ्या वेळात त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. सरकारच्या लेखी गाडी म्हणजे इंजिन नव्हे, चाके नव्हेत, रंग तर नव्हेच. गाडी म्हणजे चासीवर ठोकलेला हा क्रमांक, आणि तो जिच्यावर आहे ती तुळई फेकून दिली की उरलेले सारे साहित्य सुटे भाग म्हणून गणले जाते.

आबासाहेब : बरहुकूम आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याच्या मूळ नमुन्यात परवानगीवाचून फेरफार करावयाचा नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी गाडी हजर करावयाची, तपासणीत उतरली पाहिजे. नवी चासी म्हणजे नवे अर्ज, नवी खातरजमा, आणि खेटे. हा मुद्दा मी सोडतो.

मात्र मुद्दा सोडताना त्यांनी दुसरा धरला, आणि तो या सबंध वादाचा गाभा होता असे मला आज वाटते.

आबासाहेब : कागद राखला, छान झाले. पण या गाडीत बसणार कोण? माझी मुलगी. आपली आणि माझी नात. दाभोळची चढण उतरताना आपण जोडलेला तुकडा सुटला आणि मागचा पाटा टांगणीसकट निखळला तर मी कोणत्या कचेरीत दाद मागू? आपण जोडकाम शिकवत होता हे मला मान्य आहे. आपल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हेही मला मान्य आहे, कारण शस्त्रक्रियेची तारीख आपण दोनदा तहकूब केलीत, हे माझ्या मुलीने मला कळवले आहे.

खळ्यात शांतता पसरली. घरातून नातीच्या खेळण्याचा आवाज येत होता. व्याह्याने व्याह्यास इतके उघड बोलावे हा रिवाज नव्हे. पण रिवाज पाळला असता तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता, आणि गंजाप्रमाणे तो दोन पत्र्यांच्या मध्ये तसाच राहिला असता.

विश्वनाथरावांनी खडूचा तुकडा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर नालीच्या आकाराची तुळई काढली. भार पडला की तुळईची एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते. मधल्या उभ्या पडद्यावर त्या मानाने कमी ताण असतो. म्हणून कडांना भोक पाडू नये, आणि तुळईच्या आरपार सरळ उभी जोडरेघ कधीही मारू नये, कारण तडा त्या रेघेने सुरीसारखा खाली उतरतो. ठिगळ शंकरपाळ्याच्या आकाराचे कापावे, म्हणजे जोड तिरपा राहतो आणि ताण एका रेषेत न साठता वाटला जातो. ठिगळाचा पत्रा मूळच्याच जाडीचा असावा. दुप्पट जाडीचा घातला तर तो स्वतः तुटत नाही, पण त्याच्या शेजारचा जुना पत्रा तुटतो. गंजलेला भाग निरोगी, चकाकणारे लोखंड लागेपर्यंत कापून काढावा. ठिगळ गंजावर मारणे म्हणजे गळूवर पोटीस न बांधता जरीचा पदर बांधणे. दुहेरी पत्रा असेल तिथे बाहेरचा उघडून आतला आधी साफ करावा, त्याला जस्ताचा प्राइमर द्यावा, जोडाची कड मात्र कोरी ठेवावी, कारण जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. पेट्रोलची टाकी या गाडीत चालकाच्या आसनाखाली असते. ती घराबाहेर नेऊन ठेवावी, आणि रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातकी. हे सारे ते डोके वर न करता, एखाद्या विद्यार्थ्यास सांगावे तसे सांगत होते. मग खडू खाली ठेवला.

विश्वनाथराव : हे मी कोणालाही सांगू शकतो. करू शकतो असे मात्र आता म्हणत नाही. काचेआड वितळलेल्या धातूचे तळे दिसते, त्याच्या कडेची बारीक लकेर दिसत नाही. आणि ती लकेर दिसली नाही तर वरून सुबक पण आत न मुरलेला जोड पडतो, जो सर्वांत वाईट. आपण विचारले नसते तर मी मारलाही असता. माझा एक विद्यार्थी दाभोळला बोटींची कामे करतो. टांगणीचे चार जोड तो इथे येऊन, याच खळ्यात, माझ्यासमोर मारील. बाकीचे घासणे, कापणे, मापणे, रंगवणे, आणि तुळयांच्या पोटात नळीने मेण सोडणे हे माझे.

आबासाहेब : मग घरी केले असे कसे म्हणता येईल?

विश्वनाथराव : बारसे घरी होते, तरी सोनार बोलावतोच ना कान टोचावयास?

यावर आबासाहेब पहिल्यांदा हसले. माझे स्वतःचे मत विचाराल तर ते पूर्वी विश्वनाथरावांच्या बाजूचे होते, आणि ते याच क्षणी थोडे सरकले. घरच्या हाताने केलेल्या कामाची जी थोरवी आपण गातो ती बहुतेक वेळा हाताची असते, आणि खरे पाहता ती असावयास हवी ती डोळ्याची, म्हणजे कुठे काय झिजले आहे हे पाहून घेण्याची. आणि असा डोळा दुसऱ्याचा हात बोलावण्यास लाजत नाही.

तिसऱ्या दुपारी मापणी झाली. कापाकापी करण्यापूर्वी सांगाडा सरळ आहे की पिळलेला हे ठरवणे जरूर असते, कारण वाकड्या सांगाड्यावर मारलेला सरळ जोड वाकडेपणच कायम करतो. गवंड्याची पाणसळ आणून चारही कोपरे एका पातळीत आणले. मग टांगणीच्या भोकांतून एकेक ओळंबा सोडून तो जिथे टेकला तिथे जमिनीवर खडूने फुल्या केल्या, आणि चासी बाजूला सारून त्या फुल्यांमध्ये कर्ण ताणले. एक टोक विश्वनाथरावांनी धरले. दुसरे टोक धरावयास मी पुढे झालो, तोच आबासाहेबांनी मला हाताने मागे केले आणि स्वतः उकिडवे बसले. दोन कर्णांत दीड सुताचा फरक निघाला. दोन सुतांपर्यंत चालते, असे विश्वनाथराव म्हणाले. कोठे लिहिले आहे, असे आबासाहेबांनी विचारले. आणि कोठेही लिहिलेले नसल्यामुळे ते आता लिहावयाचे ठरले.

कागद उभा दुमडून डावीकडे समास सोडलेला पंचनामा मी फार वर्षांनी पाहिला. तारीख, वार, ठिकाण, हजर असलेल्या इसमांची नावे, चासी क्रमांक, कर्णांची मापे आणि फरक, त्यानंतर बद्द आवाज आलेल्या जागा, पुढच्या टोकापासून इंचांत मोजून, एकेक करून. डाव्या तुळईत मागून दोन ठिकाणी लोखंड नाहीसे झालेले, सबब कापून ठिगळ. उजवीकडे एक ठिकाण. मधल्या आडपट्टीवर झीज दिसते, परंतु आज ठिगळाची गरज नाही असे विश्वनाथरावांचे म्हणणे. येथे आबासाहेबांची लेखणी थांबली.

आबासाहेब : "गरज नाही" असे मी लिहिणार नाही. "आज केले नाही, पुढील पावसाळ्यानंतर पुन्हा वाजवून पाहावे" असे लिहितो. मान्य?

विश्वनाथराव : वाजवणार कोण? मी असेन की नाही कोणी सांगावे.

आबासाहेब : माझी मुलगी वाजवील. तिला हातोडा दाखवून ठेवा.

सूनबाई चहा घेऊन बाहेर आल्याच होत्या. त्यांनी कपबश्या ओट्यावर ठेवल्या, हातोडा उचलला, पुढच्या तुळईवर एकदा आणि मागच्या टांगणीवर एकदा मारून पाहिला, आणि काही न बोलता मधल्या आडपट्टीकडे वळल्या. तिथे त्यांनी चार-पाच ठिकाणी वाजवून पाहिले, आणि विश्वनाथरावांनी खुणा केल्या होत्या त्यांच्या वीतभर पलीकडे आणखी एक बद्द जागा काढली. ती कलम सातची नोंद झाली.

मग आबासाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"पंच क्रमांक एक म्हणून सही करा."

तीन दिवस विजेरी धरून माझे हात गंजाने लाल झाले होते. मी पंच्याला पुसले, धोतराला पुसले. तरी कागद धरावयास जाताच समासावर अंगठ्याचा तांबडा ठसा स्वच्छ उमटला. मी खजील होऊन दुसरा कागद मागू लागलो. आबासाहेबांनी चष्मा सारखा करून तो ठसा नीट पाहिला, त्याच्या शेजारी "निशाणी डाव्या अंगठ्याची" असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि कागदाची घडी घातली.